फोटिनीच्या घराचा पाया

आमच्या निसिरोस बेटावर मुलीला घर दिल्याशिवाय तिचं लग्न होत नाही. नवरामुलगा फक्त स्वतःला घेऊन येतो, आणि तेवढं पुरतं.

पांडेलीसची फोटिनी सप्टेंबरात उजवायची होती. पांडेलीस सरकारमान्य गाईड. तीस वर्षं तो प्रवाशांना ज्वालामुखीच्या विवरात उतरवतो, मग वरच्या ग्रीक तटबंदीकडे नेतो. बस माझी, तोंड त्याचं.

जूनमध्ये घराचा पाया खणताना कुदळ ठण्णकन वाजली. बैलाचं डोकं कोरलेला संगमरवर! आमच्याकडे खणताना असलं काही लागलं की घरात सुतक पडतं. पुराणवस्तू खातं येतं, दोरी बांधतं, आणि ती दोरी नातवंडांच्या लग्नातसुद्धा तशीच असते.

पांडेलीसनं दगडावर गवताचा भारा टाकला. त्याच्या बायकोनं, सेवास्तीनं, शेजारी गाढव बांधलं.

"उद्या तुझे प्रवासी इथूनच तटाकडे चढणार. तोंड उघडलंस तर बघ!"

"मी कशाला उघडू?" पांडेलीस दुखावला.

दुसऱ्या दिवशी बावीस प्रवासी घेऊन आम्ही पोचलो, तोवर गाढवानं भारा संपवला होता. पांडेलीस मान खाली घालून पुढे निघाला. मागून एक टकलू बायकोला म्हणाला, "काही नाही गं, रोमन दगड. गुरांना पाणी पाजायचा."

पांडेलीस थांबला. मी खोकलो. पुन्हा खोकलो.

"रोमन?" तो वळला.

पुढची वीस मिनिटं तो गुडघ्यावर बसून, रुमालानं बैलाचं नाक पुसत बोलत होता. ख्रिस्तापूर्वी तिसरं शतक, ग्रीक वेदी, या फुलांच्या माळा, ही छिन्नीची खूण. इतकं सुंदर तो कधीच बोलला नव्हता. टाळ्या पडल्या. सर्वांत जोरात टोपीवाल्या बाईनं वाजवल्या.

"छान सांगितलंत हो. मी पुराणवस्तू खात्यात असते. रजेवर आहे," ती म्हणाली, आणि पर्समधून वही काढत म्हणाली, "होते."

शुक्रवारी दोरी आली.

लग्न मात्र ठरल्या दिवशी झालं. फोटिनीला आईबापाचं राहतं घर मिळालं, आणि आईबाप विवराच्या काठावरच्या धनगरी खोपटात गेले. तिथं गंधकाचा असा वास, की शेळ्यासुद्धा नाक वळवतात. गादी मीच बसमधून पोचवली.

"एक दिवस गप्प राहवलं नाही तुला?" सेवास्ती कडाडली.

"अगं, तो रोमन म्हणाला!"

सेवास्तीनं उचललेला झाडू खाली ठेवला.

"आपल्या वेदीला?"

"तोंडावर."

"मेला!" ती म्हणाली, आणि गादीचं एक टोक धरून त्याला दुसरं धरायला लावलं.