शेवटची कोळंबी

स्यू खिम तेओ यांनी सिंगापूरच्या शाळेत बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली निदान तीस वर्षं एका शब्दाचा पाठलाग करण्यात घालवली. शब्द होता पाइसे. ओशाळं वाटणं, भीड पडणं, चारचौघांत तोंड कुठे लपवू असं होणं, सगळं त्या एकात मावे. आजोळच्या चिनी बोलीतला तो शब्द लोक इंग्रजी बोलतानाही बिनदिक्कत वापरत. तेओ टीचरांच्या वर्गात मात्र जो वापरील त्याने बाकावर उभं राहायचं आणि ‘एम्बॅरस्ड’ म्हटल्याशिवाय उतरायचं नाही, असा नियम होता.

आज नात हुईशानच्या लग्नाची बोलणी करायला दोन्ही घरं हॉटेलात दुपारच्या जेवणाला जमली होती. मुलाचे वडील म्हणून को बेंग हुआत समोर येऊन बसले आणि बाईंनी त्यांना ओळखलं. माणूस पन्नाशीचा, पण कान तेच.

हा दहा वर्षांचा असताना बाईंनी याला फळ्याजवळ बोलावलं होतं. हा उठेना. “टीचर, पाइसे,” म्हणाला. नियम म्हणजे नियम. बाईंनी त्याला बाकावर चढवलं. मुलं हसली तेव्हा बाईंना वाटलं, उच्चाराला हसताहेत. चड्डी मागून उसवली होती, हे तास संपल्यावर कळलं. त्यांच्या वर्गात तो शब्द इतका अचूक कोणीच वापरला नव्हता, हेही तेव्हाच कळलं.

आता याला ते आठवत असेल, तर पोरीचं जुळलेलं मोडेल की काय? बाई चार कप चहा प्यायल्या. दोनदा हात धुऊन आल्या. तिसऱ्यांदा उठल्या तेव्हा हुईशान कानाशी पुटपुटली, “आमा, पोट बरंय ना?”

एव्हाना ताटलीत एकच कोळंबी उरली होती. अशा शेवटच्या तुकड्याला तिथे पाइसे तुकडाच म्हणतात, कारण तो उचलायची कोणाची छाती होत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याला आग्रह केला, प्रत्येकाचं पोट तुडुंब भरलेलं निघालं. वाढप्या ताटली न्यायला आला तर पाच हात आडवे आले.

“टीचर, तुम्ही घ्या,” बेंग हुआत म्हणाले.

म्हणजे याने ओळखलं होतं. हुईशानने ओळख करून देताना नुसतं ‘माझी आमा’ म्हटलं होतं. शाळेचं नावही निघालं नव्हतं.

त्या उभ्या राहिल्या. बसून हे बोलता येईलसं त्यांना वाटेना.

“हुआत, त्या दिवशी तुझी चड्डी फाटली होती,” त्या म्हणाल्या. बेंग हुआत यांच्या बायकोचा चहाचा कप ओठांशीच थांबला. “मला नंतर कळलं. कळूनही मी तुझ्याशी बोलले नाही. चाळीस वर्षं मला पाइसे वाटतंय.”

“इंग्रजीत सांगा, टीचर,” बेंग हुआत शांतपणे म्हणाले.

“इंग्रजी नाही पुरत,” बाई म्हणाल्या. “‘एम्बॅरस्ड’ फक्त माझ्यापुरता आहे. पाइसेमध्ये तूही आहेस.”

बेंग हुआत उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि बाईंची खुर्ची त्यांच्यामागे सरकवून दिली.

“लग्नाला माझी हरकत नव्हतीच,” ते म्हणाले. “पोराला एकच बजावलं होतं. पुढे मुलंबाळं झाली की या आजीकडे शिकवणीला धाडायची नाहीत.”

“आणि आता?” हुईशानने विचारलं.

बेंग हुआत जागेवर जाऊन बसले.

“विचार करतोय,” म्हणाले. “आधी तारीख ठरवा.”