न वाजलेली पेटी

रेडिओच्या स्पर्धेआधी रावजीकाकांनी नारळ वाढवला, तेव्हाच अक्षयाला शंका यायला हवी होती. पण ती पडली भाबडी. पावस गावाच्या वर सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एक लहानसं देऊळ आहे, तिथे काकांनी साग्रसंगीत गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ही पोरं तुझ्या सड्यावर खेळायला आलीत. खरेपणानं खेळ होऊ दे. कोण आडवाटेनं गेला तर त्याला सरळ कर रे म्हाराजा!" आणि जमलेल्या सगळ्यांनी मान खाली घालून साथ दिली, "व्हय म्हाराजा!"

रावजीकाका म्हणजे जन्मभर जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून राहिलेला माणूस. निवृत्त होऊन रत्नागिरीला आले आणि त्यांनी हौशी रेडिओवाल्यांचा क्लब काढला. तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या अक्षयाला मोर्स शिकवलं ते त्यांनीच. काकांनी दिवसाला रात्र म्हटलं असतं, तर तिने कंदील लावला असता.

खेळ सोपा. सड्यावर आणि खालच्या आंब्याच्या कलमांच्या बागांत पाच पेट्या लपवायच्या. त्या आळीपाळीने एकेक मिनिट पीं-पीं करतात. अँटेना फिरवत फिरवत आवाज कुठून येतो ते ओळखायचं, पेटी गाठायची आणि तिथे टांगलेल्या ठशाने आपल्या कार्डावर खूण करायची. पहिल्या येणाऱ्याला राष्ट्रीय संघाच्या शिबिराला जायला मिळणार होतं. अट एवढीच, की गेल्या वर्षीही पहिल्या तिघांत नंबर हवा. तो अक्षयाचा होता. या शिबिरासाठी ती गेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी रानोमाळ भटकली होती. अँटेनाही तिने घरीच बनवली होती, नळाचे पाईप आणि स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे जोडून.

चार पेट्या तिने सापडवल्या. पाय जांभ्यावर सोलवटले, सलवारीत कुसळं घुसली, मोहरावर मारलेल्या औषधाच्या वासाने डोकं भणभणलं, पण सापडवल्या. तिसरी मात्र मिळेना. तिसरीचं मिनिट आलं की कानात नुसती खरखर. अँटेनाचा सांधा सुटला असेल म्हणून तिने तो उघडून पुन्हा घट्ट केला. बागांचे दगडी गडगे ओलांडून सड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. खरखर ती खरखरच. शेवटी तिने दोष स्वतःलाच दिला. भल्या माणसांना दुसरं येतं काय!

एका गडग्यापाशी तिला काकांची ठाण्याची पुतणी ईशा भेटली, गेल्या वर्षी तिसरी आलेली. महागडी परदेशी अँटेना छत्रीसारखी काखेत, हेडफोन गळ्यात, कान मोकळे. "काय ऊन आहे ना ताई," असं म्हणून ती सरळ कलमांत शिरली. बिचारी कंटाळली, अक्षयाला वाटलं.

देवळापुढच्या मांडवात निकाल लागला. ईशाच्या पाच पेट्या, दुसऱ्या आलेल्या अक्षयाच्या चार. कडकडून टाळ्या झाल्या.

"काका, तिसरी पेटी वाजतच नव्हती," अक्षया म्हणाली.

"वाजत होती गो. तुझ्या मोजपट्टीला नसेल मिळाली." काका हसले आणि बाकीच्यांकडे वळले. "काय रे, तिसरी ऐकलीत ना तुम्ही?"

"व्हय काका!" सगळे म्हणाले. सूरही तोच, सकाळी देवळात लागलेला. ईशा सोडून कुणाच्याही कार्डावर तिसऱ्या पेटीचा ठसा नव्हता, पण ऐकली मात्र सगळ्यांनी होती.

एवढ्यात क्लबचा सेक्रेटरी संदेश सगळ्या पेट्या गोळा करून आला आणि बॅटऱ्या काढून ठेवायला बसला. "काका, ही तिसरी बघा," तो मोठ्यानं म्हणाला. "बॅटरीवरची प्लॅस्टिकची टोपी काढायचीच राहिलीय. ही वाजणार कशी?" बोलून गेला, मग त्याने काकांकडे बघितलं आणि पेटी घाईघाईने पिशवीत कोंबली.

पेट्यांत सकाळी काकांनीच स्वतःच्या घरी बॅटऱ्या घातल्या होत्या आणि पेट्या लपवल्याही त्यांनीच होत्या. म्हणजे तिसरी आज एकदाही वाजली नव्हती. जी वाजलीच नाही, ती ईशाला सापडली कशी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मांडवातल्या शहाण्यांना मात्र कळलं नाही. एकजण म्हणाला, "चला चला, भजी निवतायत." दुसऱ्याला ग्रुप फोटोची आठवण झाली. ईशा मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसली. अक्षयाला त्या सगळ्यांची शिसारी आली. चोरी करणारा एक आणि त्याच्यावर पांघरूण घालणारे वीस, तेही फुकट!

काकांनी तिला देवळामागे नेलं. तिला वाटलं, आता तरी माणूस खजील होईल.

"रडू नको गो बाय," ते मायेनं म्हणाले. "ईशाला परदेशी शिकायला जायचंय, तिला त्या शिबिराचा कागद लागतो. पुढल्या वर्षी तुझं करतो ना. गेल्या वर्षी नाय का केलं?"

"गेल्या वर्षी काय केलंत?"

"अगो, संगमेश्वराला! तुला बोललो नव्हतो, नदीच्या अंगानं सुरुवात कर म्हणून? पाची पेट्या नदीलाच तर होत्या."

अक्षयाला ते वाक्य लख्ख आठवलं. पोरीला ऊन लागू नये म्हणून काका सांगतायत, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ती पहिली आली होती. पेपरात फोटो छापून आला होता आणि आईने तो फ्रेम करून बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असा लावला होता. मघापासून दुसऱ्यांची वाटणारी किळस आता तिच्या स्वतःच्या अंगाला चिकटली. काका मात्र तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि त्यांच्या तोंडावर खरोखरच प्रेम होतं.

तिने तो हात झटकला आणि मांडवात जाऊन माईक उचलला. "ईशाचा आजचा नंबर रद्द करा," ती म्हणाली. "आणि माझा गेल्या वर्षीचाही. पेट्या कुठे आहेत ते मलाही काकांनी आधीच सुचवलं होतं."

टाळ्या वाजवायला चटावलेले सगळे हात भज्यांच्या बशीत अडकले.

"वेडी की काय तू?" मागून धापा टाकत आलेले काका म्हणाले. "मग शिबिराला कशी जाणार?"

"नाही जात," अक्षया म्हणाली. अँटेना खांद्याला लावून ती उतारावरून खाली एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. भिंतीवरचा तो फोटो आईला उतरवायला सांगायचा, तर काय म्हणून सांगायचा, ते तिला बस येईपर्यंत सुचलं नाही.