दोरा ईथे आहे

थोरल्या भावाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याला चौदा महिने झाले होते. राहून गेलं म्हणणंही तितकंसं खरं नव्हतं. छापखान्यात उभी हयात मुद्रितं तपासण्यात घालवलेल्या त्या म्हाताऱ्याने उत्तर अकरा वेळा लिहिलं होतं, आणि अकराही वेळा तपासून फाडलं होतं.

दुखणं जुनं होतं. नोकरीला नुकता लागला असताना त्याने दादाचं एक पत्र लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं होतं. थट्टा म्हणून. दादाची शाळा चौथीतच सुटलेली, ती धाकट्याची सुटू नये म्हणून. त्यानंतर दादाने कधी पत्र लिहिलं नाही. लग्नकार्यात गाठ पडली तर बोलणं हवापाण्यापुरतं. आणि एवढ्या वर्षांनी एकाएकी चार ओळी आल्या होत्या: 'डोळे जात चालले. दिसतय तोवर तुझं अक्षर एकदा बघायचय. चुका असतील. समजुन घे.'

ते पत्र टीव्हीखालच्या टेबलाच्या खणात होतं. आज टेबल निघालं, म्हणून पत्र त्याच्या सदऱ्याच्या खिशात आलं. टेबलाच्या जागी भिंतभर कपाट उभं राहत होतं, आणि आतापर्यंत लोंबणाऱ्या सगळ्या वायरी सुतार त्याच्या पाठीमागून नेत होता.

"दोन्ही एकाच नळीतून न्या की," सून म्हणाली.

"नको, वहिनी. विजेची या अंगाने, डिशची त्या अंगाने. जावाजावांचं असतं तसं. एकत्र नांदवल्या की चित्राला मुंग्या येतात."

"मला जाऊ नाही, म्हणून बोलून घेताय."

सुतार हसला. त्याने तिसरी एक नळी बसवली आणि तिच्यातून नुसताच एक दोरा ओवला.

म्हातारा पुढे वाकला. "हिच्यात वायर कुठाय?"

"नाहीच. पण पुढेमागे कुणाला न्यायची झाली तर? दोरा असला की त्याच्या टोकाला वायर बांधायची नि इकडून ओढायची. नाहीतर एवढं सगळं उचकटा."

"आणि कुणी ओढलाच नाही तर?"

"पडून राहील, काका. त्याला काय खायला लागतंय?"

मग कानावरची पेन्सिल काढून सुताराने आतल्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलं: 'दोरा ईथे आहे. हळु ओडावा.'

पाच शब्द, तीन चुका. म्हाताऱ्याचा हात सवयीने खिशातल्या लाल पेनाकडे गेला. बोटांना पेनाआधी पत्र लागलं.

"काही चुकलं का?" सुतार ओशाळला. "माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय."

म्हातारा ते वाक्य पाहत राहिला. वीस वर्षांनी कुणी बॅटरी घेऊन इथे डोकावला, तर त्याला नेमकं हेच कळायला हवं होतं, आणि ते कळणार होतं.

"नाही," तो म्हणाला. "समजतंय."

"मग झालं." सुताराने फळी लावली आणि स्क्रू आवळले.

जेवण झाल्यावर म्हातारा खिडकीशी बसला. दादाचे डोळे अजून असतील का, हेही त्याला ठाऊक नव्हतं. त्याने अक्षर मथळ्याएवढं मोठं काढलं.

'दादा, फार उशिर झाला. ते लाल शाईचं पत्र मी पाठवायला नको होतं. लाज वाटत होती, म्हणून लिहिलं नाही. तुला हे वाचता आलं तर कळव. नाही आलं तरी कळव. मी येऊन वाचून दाखवीन.'

'उशिर'मधली 'शि' त्याला लगेच दिसली. ती दीर्घ करायची तर पान खोडून खराब होणार, म्हणजे नवा कागद, म्हणजे तेरावं पत्र. पेनाचं टोक क्षणभर कागदावर थांबलं. मग त्याने टोपण लावलं, पाकीट चिकटवलं आणि चपला पायात सरकवल्या.

"बाबा, या उन्हात कुठे निघालात?" सुनेने विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत."

टपालपेटीच्या फटीत पाकीट अर्धं गेलं, तेव्हा ती 'शि' पुन्हा डोळ्यांपुढे आली. त्याने बोटं सोडली. आत, तळाशी, पाकीट पडल्याचा आवाज आला.