इंझोरीचे डॉक्टर

"डॉक्टर म्हनते सारे यायले, अन् साधी खोकल्याची गोळी देत नाही," तुळसाबाई पुटपुटली. "कारंज्याले चाल म्हनते. कारंज्यालेच जायाचं होतं त मंग यायले कायले इचाराव मानसानं?"

एसटीत ती सपनाच्या खांद्याला खांदा लावून बसली होती, त्यामुळे हे सगळं थेट सपनाच्या कानात पडलं. ज्यांच्याबद्दल चाललं होतं ते डॉक्टर, म्हणजे सपनाचे बाबा, पुढच्या दांड्याला धरून उभे होते आणि ऐकू न आल्यासारखं खिडकीबाहेरची तूर बघत होते.

तशी त्यांना सवय होती. धम्मपाल कारंज्याच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या गावात, इंझोरीत, कुणाचं तरी विळ्यानं कापलेलं बोट त्यांनी धुऊन नीट पट्टी बांधून दिली, आणि ते डॉक्टर झाले. पदवीदान समारंभ तेवढाच. गावाला सगळं ठाऊक होतं, घराला तर होतंच. पण रोज ज्याला त्या नावानं नमस्कार घालायचा त्याच्यापाशी हा विषय काढणार कोण? शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे सपना 'आरोग्य विभाग' लिहायची. खोटं नव्हतं, आणि पुढे कुणी विचारत नव्हतं. धम्मपालनी मात्र कधी कुणाला गोळी दिली नाही. जो येईल त्याला म्हणायचे, "कारंज्याले चाला, मी हाओ तिथं."

आता सपना बारावीला होती. वीरेंद्र सरांनी वर्गात सगळ्यांना एकेक चिठ्ठी दिली होती: पुढे काय व्हायचं ते एका ओळीत लिहा, सोमवारी आणा. त्यावरून कोणत्या परीक्षेचा फॉर्म भरायचा ते ठरणार होतं. बाबांची ओळ केव्हाच तयार होती.

"डॉक्टर लिह्य. दुसरं काय लिह्यतं?"

आईनं भाकर थापता थापता लेकीकडे नुसतं पाहिलं. सपनाला कळत होतं. ती खरी डॉक्टर झाली, की घरातला तो शब्द मागच्या तारखेपासून खरा होणार होता.

पण दवाखान्यात माणसं नेमकं करतात तरी काय, हे बघितल्याशिवाय ओळ लिहायची कशी? म्हणून शनिवारी ती वही घेऊन बाबांबरोबर निघाली. तुळसाबाई आपला खोकला घेऊन निघाली.

औषधांच्या खिडकीतल्या दादांना तिनं विचारलं, किती वर्षं शिकलात? "दोन वर्ष औषधं शिकलो," ते म्हणाले, "अन् डॉक्टर लोकायचं अक्षर अजून शिकून राह्यलो." वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "संध्याकाळी ये, माहे सुजलेले पाय पाह्य, मंग नर्सिंगचं ठरव." आणि लगेच एका म्हाताऱ्याच्या उशाशी बसून त्याला असं काही हसवलं, की सपनानं 'नर्सिंग'पुढे मारलेली फुली खोडली. एक्स-रेवाले काका दिवसभर 'श्वास घ्या, धरा, सोडा' एवढंच बोलत असावेत. पण त्यांनी एका हाताचा फोटो उजेडाला धरला तेव्हा सपना स्वतःच्या हाताकडे बघतच राहिली. सगळीकडे बाबांच्या नावानं हाका चालू होत्या. धम्मपालभाऊ, स्ट्रेचर! धम्मपालभाऊ, हे वर न्या! इथं त्यांना डॉक्टर कुणीच म्हणत नव्हतं.

मग ती लॅबमध्ये गेली. तिथल्या शुभांगीताईंनी तिला मायक्रोस्कोपला डोळा लावू दिला. आधी तिला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग एकदम गुलाबी, मधे बोटानं दाबलेल्या वड्यांसारखे गोल गोल दाणे, आणि त्यांच्या गर्दीत एक जांभळा, मोठा.

"हा कोन?"

"पांढरी पेशी. अंगाचा पहारेकरी."

"मंग हे लय झाले त? कमी झाले त? डॉक्टरले कसं समजते?"

"आपण सांगतो तवा. आधी आपल्याले दिसते, मंग त्यायले."

सपनानं पुन्हा डोळा लावला. पहारेकरी मोजायला लागली, चुकली, पुन्हा मोजायला लागली. मान वर केली तर दारात बाबा उभे. तिनं चटकन वही मिटली.

जिन्याखाली बसून दोघांनी डबा सोडला.

"किती येळ पाहून राह्यली होती?"

"पाच मिनटं."

"मी तीन पेशंट वर नेऊन आलो तवरी."

मग भाजीला मीठ कमी आहे, असं दोघंही म्हणाले.

ते हात धुऊन येतात तो लॅबसमोर गलका. आतल्या डॉक्टर मॅडमनी तुळसाबाईला तपासून थुंकी तपासायला सांगितली होती, आणि ती हातातली प्लास्टिकची डबी विंचू धरावा तशी लांब धरून उभी होती.

"खोकला माह्या छातीत हाये, अन् हे थुंकी पाह्यतीन! शोभते काय बाप्पा?"

"मावशी, त्यातच तर कळते," शुभांगीताई तिसऱ्यांदा सांगत होत्या.

"तू गप वं. आमच्या गावचे डॉक्टर हायेत इथं, ते म्हनतीन त देतो. नाई त मी चाललो यष्टीनं वापस." तिला धम्मपाल दिसले. "हे पाह्य, आलेच! तुमी सांगा, डॉक्टर."

रांगेतली माणसं वळली. शुभांगीताईंनी एकदा धम्मपालकडे पाहिलं आणि हातातल्या कागदांत डोकं घातलं. सपनानं वही छातीशी धरली.

"द्या," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. आजवर तेवढ्यावरच भागत आलं होतं. धम्मपालनी मान हलवायला सुरुवातही केली. मग त्यांची नजर सपनाच्या छातीशी धरलेल्या वहीवर गेली, आणि मान अर्ध्यातच थांबली.

"तुळसाबाई," ते म्हणाले, "थुंकी द्या, कारन आतल्या मॅडमनं सांगतलं, अन् त्या डॉक्टर हायेत. मी डॉक्टर नाही. मी वॉर्डबॉय हाओ. अन् हे माही पोरगी, हिलेही डॉक्टर नाही व्हायचं. हिले तुमच्या त्या डबीत काय हाये, ते पाहाचं हाये."