ताडपत्रीखालचं लाकूड

पोदलेस गावात माणसाची पारख त्याच्या दाराशी रचलेल्या सरपणावरून होते. सोयरीक जुळवायची असो की ट्रॅक्टर उसना द्यायचा असो, आधी ती रास बघतात. कापलेली टोकं एका रेषेत हवीत, रास तसूभरही कललेली नको, आणि लाकूड हवं ते बीचच्या झाडाचंच. रास ढासळली की त्या घराबद्दल गावभर कुजबुज सुरू होते, आणि पोदलेसमधली कुजबुज चर्चच्या घंटेआधी घरोघरी पोचते.

टिल्काच्या दाराशी अशीच एक देखणी रास होती. तिचा नवरा रूडी वारला, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याने ती फोडून रचली होती. तीन हिवाळे झाले, टिल्काने त्यातलं एकही लाकूड जाळलं नव्हतं. स्वतः काटक्याकुटक्यांवर भागवायची आणि रास पुसून ठेवायची. लोक म्हणायचे, बाई टापटिपीची आहे. बाईला त्या राशीला हात लावायचा धीर होत नव्हता, हे कुणाला सांगणार?

दुसरी रास कोठाराच्या मागे होती, हिरव्या ताडपत्रीखाली. तिच्याबद्दल ती कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती. आधी बर्फाच्या ओझ्याने तिच्या जंगलातली स्प्रूसची झाडं मोडली, मग सालीत घुसणाऱ्या किड्याने उरलेल्यांना गाठलं. लाकूड कापणारे कारखाने असला माल दारात उभा करत नाहीत. आणि गावात तर जंगलाला किडा लागणं म्हणजे पोराच्या डोक्यात उवा सापडण्यासारखं, सगळी लाज घरच्या बाईची. म्हणून टिल्का एकेक खोड ओढून आणायची आणि झाकून ठेवायची. पण झाकून किती झाकणार? मेलेली झाडं हलवली नाहीत तर किडा उरलेलं जंगलही खाणार होता, आणि हलवलेलं लाकूड घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी तिने शहरातल्या एका माणसाला जंगल विकायचं म्हणून बोलावलं होतं. नोव्हेंबरातल्या संत मार्टिनच्या सणाला दुपारी तो कागद घेऊन येणार होता.

नेमकी त्याच दिवशी सकाळी नव्या भट्टीची चाचणी होती. ऑस्ट्रिया, इटली, फिनलंड आणि आपला स्लोव्हेनिया, अशा चार देशांतल्या चार डोंगरी गावांनी मिळून युरोपच्या निधीतून हे काम काढलं होतं. गावात एकच मोठी भट्टी, तिच्यात आपल्याच जंगलातल्या टाकाऊ लाकडाच्या ढलप्या, आणि नळांतून गरम पाणी थेट शाळेत, दवाखान्यात, चाळीस घरांत. दोन वर्षं बैठका झाल्या. वाकडं, फांद्यांचं, किडकं लाकूड आणा, असं चारही भाषांत छापून आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चाचणीला घरटी एक ट्रॉली न्यायची होती, आणि ती पाहून गावाशी दहा वर्षांचा लाकडाचा करार करायचा की नाही ते ठरणार होतं.

त्या सकाळी टिल्का दोन राशींच्या मध्ये बराच वेळ उभी राहिली. किडकं लाकूड घेऊन चर्चसमोरून, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत जायचं? तिच्याने ते होईना. तिने ट्रॉली दाराशी लावली आणि रूडीची रास उचलायला घेतली. पहिल्या थरापर्यंत ती ठीक होती. दुसऱ्या थरात त्याने अडकवून विसरलेला एक हातमोजा निघाला, तेव्हा मात्र तिला रडू आवरेना. तरी तिने ट्रॉली भरली. लाज मोठी वाईट गोष्ट आहे, माणसाकडून काहीही करून घेते.

भट्टीच्या आवारात पोचली तर काय, रांगेने उभ्या सगळ्या ट्रॉल्यांत बीच! शेजारच्या गाश्परने तर लाकडं धुऊन आणली होती. आपापल्या ट्रॉलीशेजारी माणसं फोटो काढायला उभं राहावं तशी ताठ उभी होती.

ऑस्ट्रियाहून आलेली गेरहिल्ड हातात वही घेऊन रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. तिच्या गावात अशी भट्टी वीस वर्षं चालू आहे, आणि ती चालवणारी तीच; इथला करार करायचा की नाही तेही तीच ठरवणार होती.

"गाश्परकाका, हे काय आणलंत?"

"लाकूड. दिसत नाही?"

"दिसतंय की. जेवणाचं टेबल होईल याचं. मी वाकडंतिकडं मागितलं होतं."

"पाहुण्यांपुढं कचरा ठेवू होय? आमच्यात तशी रीत नाही."

"अहो, पण मी वहीत लिहू काय? हे गाव बीच जाळणार? दोन वर्षांत तुमचे बीच संपतील आणि शाळा परत तेल जाळून तापवावी लागेल. गावात कुणाच्याच जंगलात किडकं लाकूड नाही?"

सगळ्यांना एकदम आपापले बूट बघायचे होते.

"नाही बुवा," गाश्पर म्हणाला. "इथं जंगलाची निगा राखतात."

"मग करार कशाचा करायचा?" गेरहिल्डने वही मिटली.

शाळेच्या मुख्याध्यापिका नेवेंकाबाई कडेला उभ्या होत्या. "गेल्या वर्षी तेल पुरलं नाही. पोरं कानटोप्या घालून गणितं करत होती," एवढंच त्या म्हणाल्या, तेही कुणाकडे न बघता.

टिल्काने ट्रॉलीकडे पाहिलं. वरच तो हातमोजा पडला होता. रूडी असता तर या रांगेत उभाच राहिला नसता, हसत सुटला असता. तिला स्वतःचाच राग आला.

"माझ्याकडं आहे," ती म्हणाली. "कोठारामागं, हिरव्या ताडपत्रीखाली. किडकं, मोडकं, पाहिजे तसलं. पन्नास ट्रॉल्या तरी निघतील. आणि जंगलात अजून पडलंय."

मग गाश्परने घसा साफ केला.

"तरीच. मी म्हणायचो, एका गाईला टिल्का ताडपत्रीखाली एवढं गवत कशाला साठवते."

"हसा, काका. हसून झालं की ट्रॅक्टर आणा. एकटीच्यानं नाही व्हायचं."

"हसत नाही गं." तो मान खाजवत राहिला. "आमच्या कुरणापलीकडंही... थोडंसं पडलंय."

"थोडंसं म्हणे!" त्याची बायको युस्तिना ट्रॉलीवरून ओरडली. "डोंगर झालाय डोंगर. दोन वर्षं त्याच्यावर भोपळ्याचे वेल चढवतेय मी, कुणाला दिसू नये म्हणून."

मग हशा जो उसळला तो आवरेना. त्या हशातच एकेकाची कबुली बाहेर पडली. शेवटी फादरनीही सांगून टाकलं की चर्चच्या जंगलाची अवस्था काही वेगळी नाही, आणि त्यांनी तर ती बिशपपासूनही लपवली आहे.

तासाभरात टिल्काच्या लाकडाच्या सहा ट्रॉल्या आल्या. गेरहिल्डने ओल मोजायचं यंत्र एका खोडात खुपसलं, मग गाश्परच्या बीचमध्ये.

"टिल्काताई, तुमचं जागच्या जागी वाळलंय. उत्तम आहे. काका, तुमच्या लाकडाला अंघोळ घातली होती का?"

गाश्परने पुढे दिवसभर त्या बाईशी बोलणं टाळलं.

यंत्राने खोडांच्या ढलप्या केल्या, भट्टी पेटली. दुपार व्हायच्या आत नेवेंकाबाईंनी टिल्काला हाताला धरून शाळेत नेलं आणि खिडकीखालच्या लोखंडी नळ्यांवर तिचा हात ठेवला. नळ्या गरम होत होत्या. आपल्या मेलेल्या जंगलाची ऊब तिला तळहाताला लागत होती.

बाहेर सणाच्या जेवणाची टेबलं लागली होती. भाजलेला हंस, त्याच्या रसात भिजवलेल्या म्लिंत्सीच्या पापड्या, लाल कोबी, नवी वाईन. गेरहिल्ड करार चार प्रतींत काढून बसली होती. शहरातला माणूसही कागद घेऊन पोचला होता.

"बाई, सही इथं करायची."

"बसा, जेवून घ्या. जंगल विकायचं नाही मला."

"पण आपलं ठरलं होतं."

"तुमचं ठरलं होतं. मी विचार करते म्हटलं होतं. झाला करून. हंसाची तंगडी घ्या, गार होईल."

माणूस शहाणा होता. त्याने तंगडी घेतली.

संध्याकाळच्या आत गाश्पर तिला ट्रॉलीतून परत आणलेली रूडीची रास रचून देऊ लागला. टोकं जुळवण्यात त्याचा हात धरणारा गावात दुसरा कुणी नाही, हे मान्य करावं लागेल. टिल्काने मात्र एक कवळी लाकडं बाजूला ठेवली.

"ती का बाहेर काढलीस?"

"पाव भाजायचाय."

गाश्परचे हात थांबले. "रूडीच्या लाकडांवर?"

"किती दिवस नुसती पुसत बसू, काका?"

अंगणात राहिलेली दोन लाकडं उचलून गाश्परने तिच्या कवळीवर ठेवली.

घरात तिने स्वयंपाकघरातली मातीची मोठी भट्टी तीन वर्षांनी पेटवली. रूडीने लाकूड चांगलं वाळवलं होतं, पहिल्याच काडीला पेटलं. पाव आत सरकवून ती भट्टीला लागून असलेल्या बाकावर बसली, त्याच्या जागेवर. पाठीला ऊब लागली, तशी ती पाव भाजून होईपर्यंत तिथून हलली नाही.