भिमाजी हार्डवेअरचे कावळे

भिमाजी आबांच्या गोतावळ्यात हार्डवेअरवाले चार होते, आणि त्या चौघांच्या मते आबा काही हार्डवेअरवाले नव्हते.

नाशकात गोदाघाटाच्या वरच्या गल्लीत आबांचं दुकान होतं. बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, खिळे, नळाच्या तोट्या. पाटीवर 'भिमाजी हार्डवेअर' असं ठसठशीत लिहिलेलं. पण थोरला मुलगा दौलत पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागला आणि ही पाटी त्याला खटकू लागली. "हार्डवेअर म्हणजे चिप, बोर्ड, प्रोसेसर," तो सांगे, "आबा विकतात ते लोखंडी सामान." जावई जयवंतराव इस्पितळांना हाडं जोडायच्या पट्ट्या आणि स्क्रू पुरवत. त्यांचं हार्डवेअर माणसाच्या आत बसायचं, त्यामुळे बाहेरच्या हार्डवेअरशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप खर्जात जाई. दौलतचा मामा लष्कराच्या भांडारातून निवृत्त झालेला. त्याच्या लेखी हार्डवेअर म्हणजे रणगाडे आणि तोफा, बाकी सगळी खेळणी. नोकरीभर त्याने मोजल्या घोंगड्या, पण मिशीला पीळ तोफखान्याचा होता. चौथा दौलतचा मुलगा रुद्र, इंटिरिअर डिझायनर. तो 'आर्किटेक्चरल हार्डवेअर' म्हणायचा. म्हणजे आबांचीच बिजागरी, पण काचेच्या कपाटात, खाली मखमल, वर दिवा, आणि गिऱ्हाइकाला कॉफी.

या सगळ्या विद्वानांच्या घरची गळकी तोटी मात्र दर दिवाळीला आबांच्याच दुकानातल्या मालाने थांबायची. अर्थात फुकट.

सहा वर्षांपूर्वी आबा दुकानातल्या शिडीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. जयवंतरावांनी घरचा माणूस म्हणून पट्टी नि स्क्रू आणून दिले आणि त्याचा उल्लेख पुढे प्रत्येक लग्नात केला. दुकान मात्र त्या दिवसापासून धाकट्या सुनेने, उज्वलाने सांभाळलं. तिचा नवरा योगेश स्वभावाने इतका गरीब, की गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर हाच ओशाळायचा. उज्वला ओशाळणाऱ्यांतली नव्हती. कुठला प्लंबर तोंडाळ आहे आणि कुठला सुतार लबाड, हे तिला चेहऱ्यावरून कळे, आणि दोघांनाही ती पुरून उरे.

आबांचं आणखी एक काम तिच्याकडे आलं होतं. दुकानाच्या मागच्या सज्ज्यातून घाट दिसायचा. रोज सकाळी आबा तिथे उभे राहून कठड्याच्या लोखंडी पाइपवर पाना आपटायचे. टण्, टण्, टण्. की घाटावरचे कावळे हजर. मग त्यांना शेव. आबा अंथरुणाला खिळल्यावर उज्वला पाना आपटू लागली आणि आबा आतून ओरडून विचारू लागले, "आले का गं सगळे?" योगेशला याचा पत्ता नव्हता, कारण त्या वेळी योगेश घोरत असे. बाकीच्यांना पत्ता असायचं कारणच नव्हतं.

आबा गेले आणि दुखवट्याच्या चहाबरोबरच दुकानाचा निकाल लागला. जुनं सगळं काढून तिथे रुद्रचं शोरूम होणार. दौलत म्हणाला, "उज्वला, तूही आता आराम कर. काय त्या खिळ्यामोळ्यांत आयुष्य काढायचं?" उज्वलाने योगेशकडे पाहिलं. योगेशने चहाच्या कपात पाहिलं. आराम कर म्हणे! तिला असा संताप आला की कप बशीत आदळून ती उठून गेली. सहा वर्षं आपण जे केलं त्याला या घरात नावसुद्धा नाही, हे तिला आत कुठेतरी बोचलं.

अस्थी गोळा करताना राखेतून आबांच्या मांडीतली ती पट्टी निघाली, दोन स्क्रू अजून तिच्यातच अडकलेले. घरच्या हार्डवेअरवाल्यांचं तिथेच चर्चासत्र भरलं. जयवंतराव धातूची जात सांगू लागले, मामाने तोफेच्या पोलादाची आठवण काढली. नदीत सोडावी, तर गुरुजी म्हणाले, "लोखंड नको हो, आधीच पात्रात काय कमी आहे?" ठेवून घ्यावी, तर कुणाची हात लावायची तयारी नाही. शेवटी उज्वलाने ती धुऊन आपल्या पिशवीत, दुकानाच्या पान्याशेजारी टाकली.

दहाव्याला सगळे घाटावर जमले. पिंड मांडले आणि मंडळी हात जोडून बाजूला झाली. कावळा काही येईना. कावळे होते, समोरच्या पिंपळावर चांगले डझनभर बसलेले. पण नाशकातला घाट तो. त्या कावळ्यांची सकाळपासून चार घरची पंगत झालेली. भाताकडे ते सरकारी बाबूने अर्जाकडे पाहावं तसं पाहत होते.

उज्वलाचा हात सवयीने पिशवीत गेला. आत पट्टी लागली. ती बाहेर काढणार, तेवढ्यात दौलत पुढे झाला.

"आबा, कशात जीव अडकलाय तुमचा? तुमच्या नातीच्या, वेदिकाच्या लग्नाची काळजी करू नका. थाटात करू."

उज्वला थांबली. तिने हात पिशवीतच ठेवला.

"आबा," जयवंतराव खर्जात म्हणाले, "तुमच्या नावाने हाडांचं शिबिर घेतो." कावळ्यांनी पंख साफ केले. "दाजी, मी आहे यांच्या पाठीशी!" मामा गरजला आणि त्या आवाजाने दोन कावळे उडून पलीकडच्या तीरावर गेले. रुद्र म्हणाला, "आबा, शोरूममध्ये तुमचा मोठा फोटो लावू, वर स्पॉटलाइट." उरलेल्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. निदान उज्वलाला तरी तसं दिसलं.

ऊन चढलं. जेवणावळीचा भात निवत चालला. गुरुजी घड्याळ पाहून म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात सोय आहे."

तशी आबांची बहीण सरुबाई उठून उभी राहिली. ती लासलगावहून आली होती आणि तिचा आवाज कांद्याच्या लिलावात घडलेला होता. "गवताचा कावळा? माझ्या भावाला गवत दाखवता व्हय? खरा कावळा शिवत नाय तवर मी हितून हलायची नाय. समद्यांना ठावं हाय त्याचा जीव कशात हाय. बोल रे दौलत!"

सगळे सोयरे दौलतकडे पाहू लागले. पुण्यात तो मोठ्या मीटिंगा घेतो म्हणे, पण इथे त्याला घाम फुटला.

"आबा, दुकान... दुकान मोडणार नाही."

कावळे ढिम्म.

"नीट बोल," सरुबाई म्हणाली. "कोन चालवील?"

"उज्वला चालवील, आबा. चालवतेच आहे ती."

दौलतच्या तोंडून ही गोष्ट पहिल्यांदाच बाहेर पडली होती, तीही एका पक्ष्याच्या धाकाने. पिशवीतल्या पट्टीवर उज्वलाची बोटं घट्ट झाली. आता वाजवावं का? नको. अजून नको.

"चालवील ती, पन मालक कोन?" सरुबाईने विचारलं. "तुझं पोरगं?"

"बाबा!" रुद्र कळवळला.

दौलतने पिंडाकडे पाहिलं, पिंपळाकडे पाहिलं, उपाशी पाहुण्यांकडे पाहिलं. मग हात जोडून तो एका दमात म्हणाला, "आबा, दुकान मी उज्वलाच्या नावावर करून देतो. शोरूम नाही, काही नाही. पाटी आहे तीच राहील. सगळ्यांसमोर शब्द देतो. आता या!"

उज्वला गर्दीच्या मागे सरकली. डाव्या हातात पट्टी, उजव्या हातात पिशवीतलाच दुकानाचा पाना. टण्, टण्, टण्.

पिंपळ एकदम रिकामा झाला. सुतकामुळे दुकान बंद, त्यामुळे इतके दिवस ही हाक त्यांना ऐकू आली नव्हती. पलीकडच्या तीरावरचेही आले. एकाने पिंडाला चोच लावली, दुसऱ्याने अख्खा घासच उचलला, बाकीचे कालवा करत मंडळींच्या डोक्यावरून घिरट्या घालू लागले. दौलत हुंदके देऊन रडला. जयवंतरावांनी टोपी काढली. मामाने तर सलामच ठोकला. सोयऱ्यांत जो तो म्हणू लागला, आबांनी ऐकलं. एवढ्या माणसांसमोर दिलेला शब्द फिरवायची दौलतची आता छाती नव्हती.

उज्वलाचे डोळेही भरले. हाक तिने मारली होती, पण ती हाक कावळ्यांना शिकवली कुणी होती? "आले हो आबा," ती पुटपुटली, "सगळे आले."

दोन कावळे थेट तिच्या पायाशी येऊन बसले आणि मान वाकडी करून शेव मागू लागले. रुद्रने ते पाहिलं. तो जवळ आला, कावळ्यांकडे पाहिलं, तिच्या मुठीकडे पाहिलं.

"काकू, हातात काय आहे तुमच्या?"

"हार्डवेअर," उज्वला म्हणाली, आणि पट्टी पिशवीत टाकून दुकानाच्या किल्ल्या शोधू लागली.