मांडीचे पट्टे

किरनापूरच्या पुढे, धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्यांपलीकडे एक टेकडा आहे. त्याच्या माथ्यावरून आज प्रीतम पहिल्यांदा एकटा उडणार होता. प्रीतम माझा धाकटा चुलतभाऊ. पॅराग्लायडिंग आम्ही दोघे एकाच दिवशी शिकू लागलो. तीन महिन्यांनी वीरेंद्र सरांनी त्याला आकाश दिले आणि मला तपासणी. "तुम सोचते बहुत हो, अपूर्व," एवढेच ते म्हणाले.

सरांचा नियम असा की, उडणाऱ्याने आधी सगळे स्वतः पाहायचे. मग दुसऱ्याने प्रत्येक वस्तूला हात लावून मोठ्याने विचारायचे. मध्ये काही उघडले, तर पुन्हा पहिल्यापासून.

"हेल्मेट?"

"हौ."

"छातीचा पट्टा?"

"हौ."

"मांडीचे पट्टे?"

"हौ, दोन्ही. दादा, तू तर पेपर तपासून राह्यला जसा."

राखीव छत्रीची पिन पाहिली, दोऱ्या पाहिल्या. ज्या दोऱ्यांची नावे रात्ररात्र घोकून मी पाठ केली होती, त्या त्याच्या खांद्यांतून निघून मागे गवतावर पसरलेल्या निळ्या कापडात शिरत होत्या.

तेवढ्यात आई ताट घेऊन आली.

"थांब रे प्रीतम, ओवाळते तुले."

गोदाबाई, माझी आई, गुडघेदुखी विसरून एवढा टेकडा चढली होती. माझा एम.ए.चा निकाल लागला, त्या दिवशी तिने 'बरं झालं' म्हणून भाकर थापायला घेतली होती. वाऱ्यात वात टिकेना, तर तिने पदराचा आडोसा केला. मी तो पदर पाहत राहिलो.

प्रीतम तिच्या पाया पडू लागला, पण पाठीवरच्या बोचक्याने त्याला वाकता येईना. "काकू, थांब थोडी," म्हणत त्याने मांडीचे दोन्ही पट्टे खटाखट सोडले आणि वाकला. तो उठतो न उठतो, तोच समोरून वारा आला. काठीवरची कापडी नळी ताठ झाली.

"प्रीतम, हवा आ गई. चलो."

त्याने छातीचा पट्टा चाचपला आणि दोऱ्यांच्या वाद्या हाती घेतल्या. मांडीचे पट्टे जॅकेटखाली लोंबत होते. मी उभा होतो तिथूनच ते दिसत होते. ते उघडे राहिले, तर जमीन सुटताच माणूस काखांवर लटकतो आणि हात थकले की निसटतो.

"अपूर्व, चेक?" सरांनी विचारले.

तपासणी मी केली होती. मी केली तेव्हा ती बरोबर होती. हा विचार इतका स्वच्छ, इतका निर्दोष होता की, त्याच्या गारव्यात मी क्षणभर उभा राहिलो. 'हौ' हा शब्द जिभेवर तयार होता आणि त्यात एक अक्षरही खोटे नसते.

प्रीतमने एक पाऊल पुढे टाकले.

"थांबा," मी म्हणालो.

मी त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि एकेक बकल लावले. आवाज झाला तसा तो दचकला. खाली पाहून तो हलकेच म्हणाला, "कवा पाह्यलंस?"

"आत्ताच."

"सरांनी विचारलं तवा तू इथंच पाहून राह्यला होता, दादा."

त्याच्या आवाजात राग नव्हता. मग तो मान वळवून मोठ्याने म्हणाला, "सर, एक बार आप चेक कर लो. शुरू से."

सर आले. मला बाजूला व्हावे लागले. हेल्मेटपासून पुन्हा प्रश्न सुरू झाले आणि त्याचे 'हौ' आता दुसऱ्याला मिळू लागले. शेवटच्या उत्तरानंतर तो पाच-सहा पावले धावला. कापड डोक्यावर उभे राहिले आणि टेकडा त्याच्या पायांखालून सरकून गेला.

खालच्या शेताचे मालक सुखराम माथ्यावर येऊन डोळ्यांवर हात धरून पाहत होते. "कोनाचं पोट्टं व्हय, बाई?"

"आमचंच," आई म्हणाली. तिची नजर वरून हलली नाही.

मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. आत्ताच काय करणार होतो, याची लाज त्या वेळी वाटायला हवी होती. मला त्या एका शब्दाचा हेवा वाटला.